जुना जर्मन लष्करी ड्रेस युनिफॉर्म घ्यायचाय? आधी अस्तर उलटून बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. नोकरीसाठी श्टुटगार्टला आलात, कार्ल्सप्लाट्झच्या शनिवारच्या जुन्या बाजारात एक गडद निळा, लाल कॉलरचा, पितळी बटणांचा कोट दिसला, विकणारा म्हणतो कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या काळातला ऑफिसरचा आहे, आणि तुम्ही त्याचा फोटो पाठवलात. घेऊ का, खरा-खोटा कसा ओळखू, हा छंद करायचाच तर सुरुवात कुठून करू आणि पुढेमागे पुण्याला नेता येईल का. मी इकडे बरीच वर्षं हे जमवतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे आज घेऊ नका. तो कोट पुढच्या शनिवारीही बहुतेक तिथेच असेल. आणि गेलाच तर दुसरा मिळेल, या लोकांनी १८७१ ते १९१८ मध्ये इतके कपडे शिवलेत की अजून माळ्यावरून निघतायत.

गडद निळा आणि लाल म्हटलं की प्रत्येक विक्रेत्याला प्रशियाचा, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीतल्या सर्वात मोठ्या राज्याचा ऑफिसर दिसतो, पण गावोगावच्या अग्निशमन दलाचे जुने कोटही गडद निळेच असायचे आणि त्यांनाही लाल कॉलर किंवा लाल पायपिंग, म्हणजे शिवणीतली बारीक गोट असायची. बटणांवर हेल्मेट आणि कुऱ्हाड असेल तर विषय संपला. हिरवा कोट दिसला की येगर, म्हणजे रायफलवाली पलटण, असं सांगतात आणि दहातले बरेच निघतात वनखात्याचे, कस्टमचे नाहीतर शुट्झनफेराइनचे, म्हणजे गावातल्या नेमबाजी मंडळाचे, जे आजही दर वर्षी त्या वेषात मिरवणूक काढतात. काळा, मखमली कॉलरचा आणि हातोड्यांच्या बटणांचा असेल तर तो खाणकामगारांचा सणाचा पोशाख. आणि कोलोनकडचा असेल तर कार्निव्हल, तिथली रोटं फुंकन ही मंडळी १८२३ पासून शहराच्या जुन्या शिपायांची टिंगल म्हणून लाल-पांढरे युनिफॉर्म घालतायत, त्यांचे कपडे इतके नीट शिवलेले असतात की नवखा माणूस सहज फसतो. यातलं काहीही जमवायला हरकत नाही, माझ्याकडे खाणकामगारांचा एक आहे आणि तो मला फार आवडतो, फक्त पैसे ऑफिसरचे देऊ नका.

आता समजा लष्करीच आहे. तर समोरून बघू नका, उलटा करा. पैठणी घेताना जाणकार बाई पदर उलटून मागची बाजू बघते ना, तसंच. समोरची बटणं, खांद्यावरचे पट्टे, कॉलरवरच्या पट्ट्या हे सगळं एका संध्याकाळी बदलता येतं. अस्तर, शिवण आणि शिक्के बदलायला फार कष्ट पडतात आणि बदलले तरी दिसून येतं.

कैसरच्या सैन्यात साध्या शिपायाचा कोट सरकारी असायचा. त्याच्या आतल्या अस्तरावर शाईचे शिक्के असतात, कोणत्या आर्मी कोअरच्या कपडा-कोठारातून आला ते, म्हणजे बी.ए. आणि पुढे रोमन आकडा, मग वर्ष, रेजिमेंट, कंपनी, माप. एकाच कोटावर दोन-तीन पलटणींचे शिक्के, जुना खोडून नवा मारलेला, असं असेल तर घाबरू नका, उलट मला तर ते बघितल्यावर बरं वाटतं, कारण ते लोक कपडा फेकायचे नाहीत, चांगला संच युद्धासाठी आणि परेडसाठी राखून ठेवायचे आणि जुना होत गेला की तोच रोजच्या कवायतीला उतरायचा. कोऱ्या करकरीत अस्तरावर एकच ठळक, काळाभोर, वाचायला एकदम सोपा शिक्का असेल तर मात्र थांबा. जुनी शाई कापडात पसरते, कडा तपकिरी होतात, घामाने काही भाग उडालेला असतो.

ऑफिसर मात्र स्वतःच्या पैशाने शिंप्याकडून शिवून घ्यायचा, त्यामुळे कोठाराचा शिक्का नसतो. कापड तलम, अस्तर रेशमी किंवा चकचकीत, आत खिशात शिंप्याची चिठ्ठी आणि नशीब असेल तर शाईने लिहिलेलं नाव आणि तारीख. खांद्यावर एपोलेट, म्हणजे परेडला लावायचे शोभेचे खांदे अडकवायला कापडाचे छोटे बंद असतात, मागे शेपटीत खिसे असतात. तुमच्या फोटोत खांद्याचे पट्टे साधे कापडी दिसतायत आणि खांद्याच्या शिवणीतच शिवलेत, म्हणजे ऑफिसरचा नाहीच, शिपायाचा. पण त्या पट्ट्याच्या काठाने गोफासारखा पिळाचा दोरा फिरवलेला मला दिसतोय, फोटो अंधुक आहे पण काळा-लाल वाटतो. तसं असेल तर मजा आहे. शिकलेल्या, बऱ्या घरच्या मुलांना दोन-तीन वर्षांऐवजी एकच वर्ष सेवा करायची सवलत होती, पण कपडे-खाणं स्वतःच्या खर्चाने, त्यांना आइनयेरिग फ्रायविलिगं म्हणायचे, आणि त्यांची खूण म्हणजे हाच राज्याच्या रंगांचा गोफ. प्रशियाचा काळा-पांढरा, व्युर्टेम्बर्गचा काळा-लाल. म्हणजे कापड ऑफिसरच्या तोडीचं आणि कट शिपायाचा. विक्रेत्याने तलम कापड बघून ऑफिसर म्हटलं असेल, त्याची काही लबाडी असेलच असं नाही.

खांद्याच्या पट्ट्यावर रेजिमेंटचा नंबर किंवा राजा-राणीच्या नावाची अक्षरं असतात. व्युर्टेम्बर्गची पायदळं ११९ पासून १२७ पर्यंत आणि नंतर १८०, त्यातली ११९ म्हणजे राणी ओल्गाच्या नावाची ग्रेनेडियर रेजिमेंट. शिपायाच्या कोटावर खांद्याच्या बटणावर कंपनीचा आकडाही कोरलेला असतो. आता नुसता आकडा काय, कोणीही बटण बदलेल. पण पट्टा, बटण आणि आतला शिक्का तिन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर कोट बहुतेक सरळ आहे. तुम्ही व्युर्टेम्बर्गच्या राजधानीतच राहताय, तिथे प्रशियन शोधत बसू नका, स्थानिक घ्या. याचं कारण भावनिक नाहीये, कागदपत्रांचं आहे. प्रशियन सैन्याचं दप्तर पोट्सडामच्या लष्करी अभिलेखागारात होतं आणि एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात त्यातलं बहुतेक जळालं. बव्हेरियाचं म्युनिकला, व्युर्टेम्बर्गचं श्टुटगार्टला, सॅक्सनीचं ड्रेस्डेनला, ही दप्तरं बरीच टिकली. म्हणजे व्युर्टेम्बर्गच्या कोटात नाव सापडलं तर तुम्ही ऑफिस सुटल्यावर चालत जाऊन हाउप्टश्टाट्सआर्काइव्हमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य सरकारी अभिलेखागारात त्या माणसाची नोंद काढू शकता. प्रशियन ऑफिसरचं नाव सापडलं तर छापील रँगलिस्टा, म्हणजे ऑफिसरांच्या हुद्देवार याद्या आहेत, शांततेतली शेवटची १९१४ ची, त्यात नाव, पलटण, हुद्दा मिळतो, पण शिपायाचं नाव असेल तर बहुतेक हात हलवत परत यावं लागतं.

कापडाबद्दल. जुन्या काळची बनात, म्हणजे लोकरीचं जाड कापड, इतकी दाट कुटलेली असायची की खालचा काठ दुमडून शिवायचेच नाहीत, कापलेला तसाच सोडायचे आणि तो सव्वाशे वर्षांनीही उसवत नाही. आजच्या नकलेचं कापड नखाने खरवडलं की धागे सुटतात. मशीनची शिलाई दिसली म्हणून नकली असं मानू नका, १८७० नंतर मशीन सगळीकडे होतंच. काज मात्र बघा, हाताने घातलेल्या काजाचे टाके किंचित कमी-जास्त असतात. कलाबतूच्या पट्ट्या असतील तर कैसरच्या काळातली खऱ्या चांदीची किंवा चांदीचा मुलामा दिलेली जर काळी पडलेली असते, आणि १९३५ नंतरची ॲल्युमिनियमची जर काळी पडत नाही, नुसती मळकट राखाडी होते. कोणी कैसरच्या काळातलं म्हणून राखाडी ॲल्युमिनियमची जर दाखवत असेल तर हसून पुढे जा.

३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च घ्या, खिशात मावतो. युद्धानंतरच्या दोऱ्यात आणि कापडात चमक आणणारी रसायनं असतात, ती निळी-पांढरी पेटून उठतात, जुना सुती दोरा गप्प राहतो. पण टॉर्च हा पोलीस आहे, न्यायाधीश नाही. आजीने कधीतरी आधुनिक पावडरने धुतलेला अस्सल कोटही चमकतो, आणि जुना दोरा वापरून शिवलेली नक्कल चमकत नाही. बटण एखाद्यानेच नंतर लावलं असेल तर तेवढाच टाका चमकेल, ती दुरुस्ती समजा. खांद्याच्या पट्ट्याचे सगळे टाके चमकतात आणि बाकी कोट शांत, असं असेल तर पट्टा उपरा.

ही उपऱ्या पट्ट्यांची भानगड सगळ्यात जास्त वेहरमाख्टच्या, म्हणजे हिटलरच्या काळातल्या जर्मन सैन्याच्या वाफेनरॉकमध्ये. वाफेनरॉक म्हणजे परेडचा अंगरखा, नाव जुनं आहे, प्रशियात १८४२-४३ मध्ये पिकलहाउबे या टोकदार टोपीबरोबरच आला. १९३५ मध्ये नव्या सैन्याने तोच धागा पकडून फेल्डग्राउ, म्हणजे हिरवट राखाडी रंगात आणला, पुढे आठ बटणं, निळसर गडद हिरवी कॉलर आणि कफ, त्यावर चंदेरी लिट्झन पट्ट्या, आणि पुढच्या काठाला, कफला, मागच्या शेपटीला दलाच्या रंगाची पायपिंग. पांढरी म्हणजे पायदळ, लाल तोफखाना, सोनपिवळी घोडदळ, काळी पायोनियर म्हणजे सैन्यातले इंजिनियर, लिंबूपिवळी सिग्नल म्हणजे संदेशवहन, फिकट हिरवी डोंगरी पलटणी, गुलाबी रणगाडे. बाजारात पायदळाचे ढीगभर, म्हणून स्वस्त, गुलाबी आणि हिरवे महाग, मग काय होणार ते सांगायला नको. पांढऱ्या पायपिंगच्या कोटाला रणगाडेवाल्याचे खांदे लावतात आणि 'गुलाबी फिकट झालंय हो' म्हणून सांगतात. ताडायला सोपं आहे, पायपिंग शिवणीत दाबलेली असते, कॉलरच्या खाली किंवा शिवण जिथे दुमडते तिथे ऊन पोहोचत नाही, तिथला रंग बघा. तिथेही पांढरी असेल तर ती जन्मापासून पांढरी.

याचेही शिक्के असतात, कोठाराच्या शहराचं अक्षर आणि वर्ष, बर्लिनला बी, म्युनिकला एम, हॅनोव्हरला एच, म्हणजे एम ३८ वगैरे, आणि सेंटिमीटरमध्ये पाच मापं. गळा, छाती, बाही, पाठ, एकूण लांबी. ही मापं टेपने मोजून बघा, विक्रेत्यासमोर मोजा, लोक विचित्र बघतात पण मोजा. आणि आरबी नंबर म्हणून एक प्रकार आहे, कारखान्याच्या नावाऐवजी सांकेतिक आकडे, तो १९४२-४३ नंतर आला. वाफेनरॉक शिवणं तर युद्ध सुरू झाल्यावर लवकरच थांबलं होतं. तेव्हा वाफेनरॉकवर आरबी नंबर दिसला तर मी तरी खिशात हात घालणार नाही.

वेहरमाख्टच्या कोटावर छातीला शिवलेलं गरुडाचं चिन्ह हा वेगळाच विषय. १९४५ नंतर लोकांकडे घालायला कपडे नव्हते, दोस्त राष्ट्रांनी लष्करी खुणा लावायला बंदी केली होती, त्यामुळे लोकांनी गरुड उसवला, खांदे काढले, बरेचदा कोट गडद रंगात बुडवला आणि तोच घालून कामाला गेले. त्यामुळे गरुड नसलेले आणि त्याजागी टाक्यांची पुसट छाया असलेले कोट भरपूर मिळतात. आणि मग कोणीतरी नवा गरुड त्या छायेवर बसवतो आणि किंमत दुप्पट करतो. माझं मत विचाराल तर छायेचा कोट घ्या आणि छाया तशीच ठेवा, त्या कोटाचा १९४५ नंतरचा इतिहासही तितकाच खरा आहे. शिवाय गरुडाच्या पंजात स्वस्तिक आहे आणि तुम्ही जर्मनीत आहात. इथे कलम ८६ए खाली ते चिन्ह सार्वजनिक ठिकाणी दाखवणं गुन्हा आहे. घरात बाळगणं गुन्हा नाही, संशोधन, शिक्षण, कला यांना सूट आहे, पण व्हॉट्सॲप स्टेटसला हौसेने फोटो टाकणं हे संशोधन होत नाही. बाजारात आणि लिलावाच्या कॅटलॉगमध्ये त्यावर चिकटपट्टी लावलेली दिसते ती यामुळेच. ऑस्ट्रियात कायदा याहून कडक आहे, ट्रेनने व्हिएन्नाला जाताना बॅगेत असलं काही नेऊ नका. आणि आपल्या घरच्या दारावरच्या स्वस्तिकाशी याचा संबंध नाही हे आपल्याला माहीत, बॉर्डरवरच्या पोलिसाला समजावत बसायची वेळ आणू नये.

एसएसचं, म्हणजे नाझी पक्षाच्या कुप्रसिद्ध सशस्त्र दलाचं मी घेत नाही, घ्या असंही सांगणार नाही. एक तर ते कशाचे कपडे आहेत ते माहीत असताना भिंतीवर लावायची मला इच्छा होत नाही, आणि दुसरं व्यावहारिक कारण म्हणजे या सगळ्या बाजारात सर्वात जास्त पैसा तिथे आहे म्हणून सर्वात हुशार नकलाकारही तिथेच आहेत. नवख्याने तिथे जाणं म्हणजे पैसे देऊन फसणं.

जोडतोड केलेल्या युनिफॉर्मचा सगळ्यात भारी किस्सा तर इतिहासातच आहे. १६ ऑक्टोबर १९०६ ला विल्हेल्म फॉइग्ट नावाच्या, तुरुंगातून सुटलेल्या चांभाराने वेगवेगळ्या जुन्या कपड्यांच्या दुकानांतून तुकडे जमवून गार्ड रेजिमेंटच्या कॅप्टनचा युनिफॉर्म उभा केला, रस्त्यात भेटलेल्या शिपायांना हुकूम सोडला, बर्लिनजवळच्या क्योपनिक नगरपालिकेत घुसून मेयरला अटक केली आणि साडेतीन हजारांहून जास्त मार्क घेऊन पसार झाला. कोणी अस्तर उलटून बघितलं नाही. आज तो कोट आला असता तर जाणकारांनी 'भाग अस्सल, जोडणी नंतरची' असा शेरा मारला असता, आणि हा शेरा लिलावाच्या वर्णनात दिसला तर त्याचा अर्थ नीट समजून घ्या, किंमत निम्म्यावर यायला हवी.

सिनेमा-नाटकवाल्यांचे कोट हाही एक गोंधळ आहे. बाबेल्सबर्गला १९१२ पासून स्टुडिओ आहे, तिथे आणि नाटक कंपन्यांत खरे जुने युनिफॉर्म पोत्याने गेले, मग नटाच्या मापाने आत घेतले, कफ बदलले. आत नाटक कंपनीचा शिक्का, काजांच्या जागी हूक, काखेत मेकअपचे आणि घामाचे डाग. उलटंही होतं, पूर्व जर्मनीचे कोट युद्धपटात वेहरमाख्ट म्हणून वापरलेले. आणि चिलीच्या सैन्याने प्रशियन पद्धत उचलली ती आजपर्यंत सोडली नाही, त्यांच्या परेडच्या अंगरख्यावरही लिट्झन आणि डोक्यावर टोकदार पिकलहाउबे, तिकडचा कोट जर्मन म्हणून खपवणारे आहेत. बटण उलटं करून मागची खूण बघा, लुडेनशाइडच्या आसमान कंपनीचं नाव दिसलं तर निदान बटण तरी जर्मन आहे.

सुरुवात कुठून करायची तर माझा सल्ला लोकांना बोअरिंग वाटतो. एनव्हीएचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या सैन्याचा कोट घ्या. ते सैन्य १९५६ मध्ये उभं राहिलं आणि २ ऑक्टोबर १९९० ला विसर्जित झालं, त्यानंतर कोठारंच्या कोठारं बाजारात आली, त्यामुळे परेडचा सुंदर संच आजही बराच स्वस्तात मिळतो. स्टाइनग्राउ म्हणजे दगडी राखाडी रंग, कट मुद्दाम जुन्या जर्मन वळणाचा, रणगाडेवाल्यांची तीच गुलाबी, ऑफिसरला चंदेरी पट्टा आणि गोफ. आत माप एम ४८, जी ५२ असं असतं. स्वस्त असल्यामुळे नकला कमी, आणि हातात घेऊन, उलटून, शिवण कशी दाबलीय, अस्तर कुठे सैल सोडलंय हे शिकायला उत्तम. फ्रीडरिश एंगेल्स गार्ड रेजिमेंटची बाहीवरची पट्टी असलेला मिळाला तर जरा सांभाळून, ती पट्टी नंतर शिवलेली असू शकते.

बव्हेरियाचे फिकट निळे पायदळी कोट, सॅक्सनीचे खालच्या काठालाही पायपिंग असलेले, आणि घोडदळातले, म्हणजे हुसारांची पाच ओळी गोफांची आटिला, भालेवाल्या उलानांची दोन ओळी बटणांची उलांका, चिलखतवाल्या क्युरासिएचा कोलर नावाचा पांढरा अंगरखा, हे सगळं नंतर. आटिला दिसायला इतकी देखणी असते की माणूस अस्तर बघायचंच विसरतो.

आणि काही विकत घ्यायच्या आधी म्युझियममध्ये जा. रास्टाटच्या राजवाड्यातलं लष्करी इतिहासाचं म्युझियम तुम्हाला जवळ आहे, बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या पलटणींसाठी त्याच्यासारखं नाही, इंगोलश्टाटला बव्हेरियाचं, ड्रेस्डेनला बुंडेसवेरचं, म्हणजे आजच्या जर्मन सैन्याचं मोठं. काचेतून उलटून बघता येत नाही हे खरं, पण खऱ्या बनातीचा निळा कसा दिसतो ते डोळ्यांत बसतं, आणि तो एकदा बसला की नकलेचा निळा जांभळट दिसायला लागतो. बेल्जियममध्ये सीने गावात मिलिटारियाची, म्हणजे जुन्या लष्करी वस्तूंची मोठी जत्रा भरते, तिथे मात्र पहिल्या वेळी पाकीट घरी ठेवून जा.

राहिला पुण्याला न्यायचा प्रश्न. कपडा म्हणून नेताना मला तरी अडचण दिसत नाही, पावती आणि जुनी वस्तू असल्याचं विक्रेत्याचं पत्र जवळ ठेवा, स्वस्तिकाचं काही नेऊ नका, आणि सोबत तलवार किंवा खंजीर घेतला असेल तर तो इथेच ठेवा, शस्त्रांचे नियम वेगळे आणि दोन्हीकडचे. खरी भीती कस्टमची नाही, कसरीची आणि पावसाळ्याची आहे. लोकरीला कसर लागली की वर्षभरात चाळणी. ड्रायक्लीनिंगला देऊ नका, जरीची वाट लागते. डांबराच्या गोळ्याही नकोत, वास जन्मभर जात नाही. मऊ ब्रशने धूळ काढा, खांद्याच्या रुंदीचा गादी लावलेला हँगर वापरा, वरून दोनदा धुतलेल्या मांजरपाटाची खोळ घाला, प्लास्टिकची नाही, आणि उन्हापासून लांब ठेवा. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम, पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये त्यासाठी डीह्युमिडिफायर लागेल.

आणि नवीन कोट घरात आला की इतर कपड्यांजवळ नेण्याआधी तो टिश्यू पेपरात गुंडाळून, जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून सीलबंद करून, डीप फ्रीझरमध्ये उणे अठरा-वीसला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, पूर्ण एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर गार कापडावर दव धरतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, मटार काढायला गेलेल्या माणसाच्या हातात पितळी बटणं लागली की बरेच प्रश्न येतात.